वेशीबाहेरची नावं

अमरावतीच्या परकोटाच्या प्रत्येक वेशीत त्या काळी एकेक मडकं ठेवलेलं असायचं. वेशीवरच्या शिपायाला लिहिता येत नसे. गावातून प्रेत बाहेर निघालं की तो मडक्यात एक सरकी टाकायचा. सोमवारी कचेरीतून कारकून यायचा, मडकं पालथं करायचा, सरक्या मोजायचा आणि आकडा वहीत चढवायचा. अमरावतीत किती माणसं मेली याची सरकारदरबारी नोंद ती एवढीच. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही पहिलं वर्षभर वाटलं नाही, उगाच शहाणपणाचा आव कशाला आणू.

मी देवी टोचणारा होतो. जात माळ्याची, गाव अकोला. मोर्णेच्या काठी आमचा भाजीपाला आणि थोडी शेवंती होती. नव्या मराठी शाळेत चार बुकं शिकलो, डॉक्टरसाहेबाच्या हाताखाली दोन महिने सुरी धरायला शिकलो आणि अमरावतीत नोकरीला लागलो. काम असं, की एका पोराच्या दंडावरचा पिकलेला फोड फोडायचा, त्यातलं पाणी सुरीच्या टोकावर घ्यायचं आणि दुसऱ्या पोराच्या दंडात भरायचं. आठव्या दिवशी पुन्हा त्याच घरी जायचं, फोड धरला की नाही ते पाहायचं आणि वहीत खूण करायची. पहिल्या दिवशी आया मला शिव्या द्यायच्या. आठव्या दिवशीही द्यायच्या, पण आधी बसायला पोतं टाकून.

वहीत खुणेसाठी तीन रकाने होते. फोड धरला, फोड धरला नाही, आणि गैरहजर. आठव्या दिवशी पोर दिसलं नाही की मी गैरहजर लिहायचो आणि पुढच्या झोपडीकडे वळायचो. सरकारने दिलेले रकाने भरायचे, चौथा रकाना असावा असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आता तो शब्द कुठे वाचला तरी माझं डोकं फिरतं.

कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला होता. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडकला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली. कास्तकारांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं लोक अजून सांगतात. मी ती चाकं कधी पाहिली नाहीत. मी पाहिली ती वेशीबाहेरची वस्ती. कापसाच्या बाजाराच्या पलीकडे मोकळा माळ होता. दिवाळीनंतर तिथे हमाल यायचे, गाडीवान यायचे, गाठी बांधणारे यायचे, रेचा फिरवून कापसातली सरकी काढणाऱ्या बाया यायच्या. आगगाडीचा रस्ता होत होता, त्या मातीकामावरचे वडारही तिथेच राहायला आले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळल्या काड्यांच्या भिंती आणि वर गवत, असं एकेक घर. शिमग्यापर्यंत माळ दिसेनासा व्हायचा, आणि अलीकडे आखाड आला तरी अर्ध्याहून जास्त झोपड्या उठत नव्हत्या.

साऱ्या गावाचा कापूस ही माणसं उचलायची, पण पाणी प्यायला त्यांना विहीर नव्हती. गावातल्या विहिरीवर त्यांना कोणी उभं करत नसे. निम्म्यांना जातीमुळे नाही, उरलेल्यांना "तुम्ही कोण, कुठले" म्हणून नाही. परकोट बांधताना माती काढली त्याची एक जुनी खदान वस्तीच्या उताराला होती. पावसाचं पाणी तिच्यात साचायचं. गाड्यांचे बैल तिच्यातच बसायचे, हमाल तिच्यातच अंग धुवायचे आणि बाया तिच्यातूनच घागरी भरायच्या. माघ उलटला की पाण्यावर हिरवी साय धरायची. बाया ती हाताने बाजूला सारून घागर बुडवायच्या.

रेचा फिरवणारी एक बाई मला पहिल्यांदा भेटली ती त्याच वाटेवर, डोक्यावर घागर घेऊन. वय पंचविशीच्या आतलं. नवरा हमाली करायचा. एक चार वर्षांचं पोर कडेला चालत होतं आणि पोटात दुसरं होतं. मी पोराचा दंड धरला तर तिने घागर खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"भाऊ, हे तुमी टोचता ते कायच्यासाठी?"

"देवी येऊ नयेत म्हणून."

"मंग हगवनीसाठी काय टोचता?"

मी म्हटलं, त्याला काही टोचत नाहीत.

"इथं देवीनं एखादं जाते. हगवनीनं कितीक जातेत. जे नाई होत त्याले टोचून राहिले, अन् जे होते त्याले काईच नाई," ती म्हणाली आणि पोराचा दंड माझ्यापुढे केला. "टोचा, टोचा. तुमची बी नोकरी हाये."

मला राग आला. वर्षभर उन्हातान्हात वणवण करणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं? पण रात्री भाकरी खाताना तोच प्रश्न पुन्हा पुढे आला आणि राग कोणावर काढायचा ते कळेना. दुसऱ्या खेपेला मी तिला स्पष्टच विचारलं, काय केलं म्हणजे थांबेल? ती म्हणाली, इहीर पायजे. वैशाखात तिचे दिवस भरणार होते. वैशाखात खदानीत चिखल उरतो. हे बाळ त्या चिखलाच्या पाण्यावर वाढवायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं, आणि ठरवून ती मला सांगत होती. मी सरकारचा माणूस, म्हणजे तिच्या दृष्टीने सरकारच. तिचा हा गैरसमज मला फार दिवस पुरला नाही.

कचेरीत शिरस्तेदार होते, पुण्याकडचे. अक्षर मोत्यासारखं, जीभ सुरीसारखी. माझं वऱ्हाडी बोलणं ऐकलं की ते डोळे मिटून घ्यायचे. मी विहिरीची गोष्ट काढली तर त्यांनी मृत्यूची वही माझ्यापुढे उघडली.

"अहो, हे बघा. गावात या महिन्यात इतकी माणसं वारली. आणि तुमच्या त्या वस्तीच्या नावापुढे काय लिहिलंय? वाचा."

मी वाचलं. काही नाही, असं लिहिलं होतं. मागचं पान उलटलं, तिथेही काही नाही.

"मोकळी हवा, दुसरं काय," शिरस्तेदार म्हणाले. "उलट गावातल्या लोकांनाच तिकडे राहायला पाठवावं म्हणतो मी."

मला आधी हसू आलं, मग मडकं आठवलं. मडकं वेशीत होतं. प्रेत वेशीतून बाहेर पडलं की सरकी पडायची. जो मुळातच बाहेर मेला, तो वेशीतून कशाला जाईल? त्या माळावर कोणी मेलं की तिकडेच, नाल्यापलीकडे नेऊन टाकत. त्याच्यासाठी मडकं नाही, सरकी नाही, आकडा नाही. साऱ्या अमरावतीत अमर होऊन राहायचं तर ती एकच जागा होती. मी हे शिरस्तेदारांना सांगितलं. ते म्हणाले, शक्य आहे, पण शक्य असणं म्हणजे आकडा असणं नव्हे.

मी थेट डॉक्टरसाहेबाकडे गेलो. शिरस्तेदारांना डावलून जाणं म्हणजे आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं, हे मला ठाऊक होतं. साहेबाचं म्हणणं असं, की रोग हवेतून येतो, पाण्याचं नंतर पाहू. पण तिथे खरंच मुलं मरत असतील तर मला दाखव. नुसतं सांगू नको, कागदावर दाखव.

म्हणून मी दाखवायला निघालो. आठ दिवस झोपडी झोपडी फिरलो आणि प्रत्येक आईला विचारलं, बाई, लेकरं किती झाली आणि गेली किती? एकजात सगळ्यांनी सांगितलं, एकही नाही. ज्या घरी मी स्वतः वहीत गैरहजर लिहिलं होतं त्या घरच्या आईनेही सांगितलं, एकही नाही. मी वैतागलो. एकीला म्हणालो, "बाई, तुमच्याच भल्याचं विचारतो आहे." तिने दाराला लावायची काड्यांची फारी ओढून घेतली.

रेचावाल्या बाईच्या दारात येऊन मी मटकन बसलो. ती रेचा फिरवत होती, एका बाजूला रुई पडत होती, दुसऱ्या बाजूला सरकी. मी म्हटलं, तुमची माणसं खोटं बोलतात.

"जितं लेकरू मांडीवर असलं का मेल्याचं नाव काढत नाईत," ती म्हणाली. "तेवढं बी ठाऊक नाई? तुमचं नाव काय हाये भाऊ?"

मी सांगितलं. माझं नाव दगडावरून ठेवलेलं आहे. इथे ते लिहीत नाही, वऱ्हाडातल्या माणसाला एवढ्यावरून कळेल.

रेचा थांबला. "तुमच्या पयले किती गेले?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे. माय का हौसेनं लेकराले गोट्याचं नाव ठेवते?" तिने आपल्या पोराकडे बोट केलं. त्याचं नाव उकिरड्यावरून होतं. "याच्या पयले दोन होते. त्यायची नावं चांगली होती. मंग याले उकिरड्यावर लोळवलं, नाक टोचलं, अन् हे नाव ठेवलं. देवाले वाटावं हे काई कामाचं नाई, असू दे इथंच. इथल्या पोट्ट्यायची नावं पाह्य ना. कोनी कचऱ्याचं, कोनी भिकेचं, कोनी गोट्याचं. मायले कायले इचारता? नावाले इचारा."

मी तीस वर्षांचा होतो. तीस वर्षं ते नाव घेऊन हिंडलो. शाळेत पंतोजींनी त्यावरून थट्टा केली, कचेरीत शिरस्तेदार ते नाव चिमटीत धरल्यासारखं उच्चारायचे. आणि माझ्या आईने ते का ठेवलं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

संक्रांतीला अकोल्याला गेलो. आई वाफ्यात वांगी तोडत होती. मी बांधावर बसून विचारलं. तिचा हात थांबला नाही. एक वांगं तोडलं, टोपलीत टाकलं, दुसरं तोडलं.

"तीन," ती म्हणाली. "दोन पोरी अन् एक पोरगा. पोरगा अठरा दिसाचा होता."

मग टोपली उचलताना म्हणाली, "आज कावून इचारून राहिला?"

मी तिला वस्तीचं सांगितलं, मडक्याचं सांगितलं, वहीतल्या रकान्यांचंही सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, चिडली. "मंग लेह्य ना," म्हणाली. "माह्ये बी लेह्य. माह्या लेकरायले बी कोनंच कुठं लेहलं नाई." मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. लोकांच्या पोरांचे दंड मोजत गावभर फिरणाऱ्याला आपल्याच घरच्या तीन भावंडांचा पत्ता नव्हता.

अमरावतीला परतलो आणि टोचणीची जुनी वही काढली. नवं काही विचारायची गरजच नव्हती. वस्तीतल्या प्रत्येक पोराचं नाव माझ्याच हाताने तिथे लिहिलेलं होतं. मी यादी करायला बसलो. एका बाजूला गावातली पोरं, दुसऱ्या बाजूला वेशीबाहेरची. गावातल्या पानांवर देवांची नावं होती, राजांची होती, मधूनच एखादं दगडाचं. वेशीबाहेरच्या पानांवर कचरा, उकिरडा, धोंडा, भीक, आणि मधूनच एखादा देव. त्यांच्याखाली मी गैरहजर म्हणून लिहिलेल्यांची वेगळी यादी केली. मग सगळ्यात शेवटी, कोणी सांगितलं नसताना, माझ्या तीन भावंडांच्या तीन ओळी लिहिल्या. त्यांची नावं आईने सांगितली नव्हती, म्हणून नुसतं गाव अकोला लिहिलं. शिरस्तेदारांनी त्या ओळींवर काट मारली. अमरावतीच्या यादीत अकोल्याचा काय संबंध, असं ते म्हणाले, आणि तसं पाहिलं तर बरोबरच होतं.

साहेबाने मात्र यादी दोनदा वाचली. तो हुशार होता. म्हणाला, मी यातली कोणतीही पाच नावं काढतो, आपण त्या घरी जाऊ. नावाप्रमाणे मृत्यू निघाले तर विहिरीचं मी वर लिहितो.

फाल्गुनातली सकाळ होती. साहेब घोड्यावर, शिरस्तेदार तट्टावर नाकाला उपरणं लावून, मी पायी. पहिल्या घरी शिरस्तेदारांनी विचारलं, "तुझी किती अपत्यं वारली?" बाई म्हणाली, एकबी नाई. मी म्हटलं, थांबा. "बाई, याचं नाव असं कावून ठेवलं?" तिने मान खाली घातली आणि पदराखालून दोन बोटं बाहेर काढली. दुसऱ्या घरी एक बोट निघालं. तिसऱ्या घरी चार. चौथ्या घरी गाडीवानाची बायको होती. तिने बोटं दाखवली नाहीत. आत गेली आणि एक धुतलेलं, घडी केलेलं अंगडं घेऊन आली. साहेबाने टोपी काढली.

पाचवं घर नव्या नवरा-बायकोचं होतं, दिवाळीलाच अंजनगाव सुर्जीकडून आलेलं. पोर तीन महिन्यांचं आणि नाव कचऱ्यावरून. मी तोच प्रश्न विचारला. पोरगी भाबडी, हसून म्हणाली, "माह्यं हे पयलंच हाये."

"पहिलंच?" शिरस्तेदार तट्टावरून वाकले. "याच्या आधी कोणी वारलं नाही?"

"नाई जी."

मी घाईने विचारलं, "मग नाव असं का?"

"आमच्या गावात दोन-तीन गेल्यावर असं नाव ठेवतेत. इथं शेजारीन म्हने, वाट कायले पाह्यतं? इथं पयल्यालेच ठेव."

मी शिरस्तेदारांकडे पाहिलं. मला वाटलं, आता याहून मोठा पुरावा कोणता हवा? ज्या जागी आया मरण येण्याची वाटही पाहत नाहीत, पहिल्याच पोराला भिऊन नाव ठेवतात, त्या जागेबद्दल आणखी काय सांगायचं राहिलं? मी हे तिथल्या तिथे बोललो, विहीर झाली तर लेकरं जगतील हेही बोललो, तोंडाला येईल तसं, निम्मं वऱ्हाडीत. शिरस्तेदारांनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि कागदावर एकच ओळ लिहिली: नावांवरून मृत्यू सिद्ध होत नाहीत, पाचात एक खोटं निघालं.

साहेब वाईट माणूस नव्हता. हे मी आज म्हणतो, त्या दिवशी म्हणालो नसतो. तो म्हणाला, चार घरांचं मी विसरणार नाही, पण अशा यादीवर वरचे लोक विहीर देणार नाहीत. आणि खरं कारण शिरस्तेदारांनी सांगितलं, परतीच्या वाटेवर, अगदी शांतपणे.

"अहो, ही हंगामी माणसं. तिकडची लढाई थांबली की कापूस उतरेल, आणि जो तो आपापल्या गावी जाईल. जागा सरकारची आहे. आज विहीर दिली की उद्या धर्मशाळा मागतील. पाणी दिलं की वस्ती कायमची झाली म्हणून समजा."

"आणि नाही दिलं तर मसणवटा कायमचा झाला म्हणून समजा," मी म्हणालो.

"तोंड आवरा."

मी आवरलं नाही. त्याची किंमत पुढे मोजली, पण पस्तावलो नाही.

संध्याकाळी रेचावाल्या बाईच्या दारात जाऊन सांगितलं, विहीर मिळत नाही. मला वाटलं होतं ती मला बोल लावेल. तिचा आठवा महिना सरत आला होता, बसताना कमरेला हात लावावा लागत होता. तिने रेचा बाजूला केला आणि शेजारच्या वडाराला हाक मारली.

"काकाजी, इथं पानी किती हातावर लागन?"

वडार म्हातारा होता. त्याने माळावर एक चक्कर मारली, दोन-तीन ठिकाणी पहार आपटून आवाज ऐकला. म्हणाला, वर मुरूम आहे, खाली काळा दगड. पंधरा हात, नाहीतर वीस.

"मंग इचारून कोनाले राहिलो आपन?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून खणायला लागले. दिवसभर आगगाडीचं मातीकाम, बाजारातली हमाली, आणि दिवस कलला की विहीर. वडार पहार मारायचे, हमाल टोपल्या वर ओढायचे, बाया माती लांब नेऊन टाकायच्या. हमालांना पाठीवर ओझं घ्यायची सवय, दोरावर नाही. पहिल्या दिवशी त्यांचे हात सोलून निघाले आणि बाया त्यांना हसल्या. रेचावाली स्वतः काही उचलू शकत नव्हती. ती काठावर बसून साऱ्यांना शिव्या द्यायची, आणि त्या शिव्यांवरच निम्मी विहीर खणली गेली असं तिचा नवरा म्हणायचा. मीही संध्याकाळी जायचो. माळ्याच्या पोराला माती कशी उचलायची ते शिकवावं लागत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी कचेरीचा पट्टेवाला आला. सरकारी जागेत खड्डा कोणाच्या हुकमाने चालू आहे, असं विचारू लागला. म्हातारा वडार पहार टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "इहीर कोन खनून राहिलं? आमी माती काढून राहिलो. आगगाडीले माती लागते." आगगाडीचं नाव ऐकून पट्टेवाला आल्या वाटेने परत गेला. त्या दिवसांत आगगाडीच्या मातीला अडवायची कोणाची छाती नव्हती.

मग शिरस्तेदारांनी मला बोलावलं. एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, की वस्ती हंगामी असून चैत्राअखेर रिकामी होते, सबब तिथे टोचणीची गरज नाही. मी सही करायची होती. सही केली असती तर पुढच्या वर्षीपासून ती पोरं माझ्या वहीतूनही गेली असती, गैरहजर म्हणूनसुद्धा कुठे उरली नसती. मी दौत ओढली आणि कागदाच्या खाली लिहिलं, वरील मजकूर खोटा आहे, वस्ती भरलेली आहे. मग सही केली. शिरस्तेदारांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नवा कागद घेतला. पंधरा दिवसांत माझी बदली चांदूर बाजाराकडे झाली. अमरावतीत माझ्या जागी दुसरा माणूस येणार होता.

सतराव्या हाताला पाणी लागलं. आधी गढूळ, मग दोन दिवसांनी निवळ. पहिली घागर कोणी भरायची यावरून वाद निघेल अशी मला धास्ती होती. वस्तीत अठरापगड जाती, आणि कोणाच्या घागरीने विहीर बाटते हे ज्याला त्याला पाठ. एका गाडीवानाने तसं तोंड उघडलंही. रेचावाली काठावरूनच म्हणाली, "तीन वर्सं बैलायसंगं एका डबक्यात पेलो, तवा नाई बाटलो. आता मानसासंगं बाटतं का?" गाडीवानाने दोराला हात घातला. पुढे त्या विहिरीवर असे वाद झाले असतील, मी ते नाकारत नाही. पण त्या दिवशी सगळ्यांनी एकाच दोराने पाणी शेंदलं, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

वैशाखाच्या पहिल्या पंधरवड्यात तिला मुलगी झाली. मला चांदूरला हजर व्हायचं होतं, पण मी बाराव्या दिवसापर्यंत निघालो नाही. दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. बाराव्या दिवशी झोपडीत पाळणा बांधला होता, कापसाच्या पोत्याचा, आड्याला दोन दोर टाकून. आत्या गावाकडे, म्हणून शेजारणीने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्याने घेतलं. ते ऐकून बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. नाव राणीचं होतं. जिने स्वतः राज्य चालवलं, त्या राणीचं.

एक म्हातारी पुटपुटली, नजर लागंल. कोणीतरी लगेच मीठमोहऱ्या आणायला उठलं. बाई पाळण्याचा दोर धरून बसली होती. ती मला म्हणाली, "भाऊ, वही काढा. इचं नाव लेहा."

"हिला अजून टोचलं कुठे?" मी म्हणालो. "टोचलेल्यांचीच नावं असतात त्यात."

"लेहा तुमी."

मी वही काढली नाही. खरं सांगतो, मला भीती वाटली. तिचे आधीचे दोघे चांगल्या नावाचे होते, हे मला माहीत होतं. सरकारची सुरी कमरेला लावून हिंडणारा, चार बुकं शिकलेला मी, तिच्याजवळ सरकलो आणि हळूच म्हणालो, "बाई, वर्षभर एखादं साधं नाव राहू द्या. मग बदलता येईल."

तिने मान वर केली. इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, नेहमीच्या शिव्या देतानाही नाही.

"तुमी साहेबापुढं म्हनले ना, इहीर झाली का लेकरं जगतीन म्हून? आमी इहीर खनली. आता तुमालेच ते खोटं वाटून राहिलं का?"

मी वही उघडली, कोरं पान घेतलं आणि ते नाव लिहिलं. पुढे बापाचं नाव लिहिलं. पुढचा रकाना गावाचा होता. वस्तीतल्या माणसांचं तिथे त्यांचं मूळ गाव लिहायचं, असा कचेरीचा नियम होता, आणि तोवर मी तो पाळत आलो होतो.

"गाव कोणतं लिहू?" मी विचारलं.

"हेच," ती म्हणाली.

मी अमरावती लिहिलं.